सावरणकाळ

अण्णांना जिवंत लाव्हा बघायचा होता. तो त्यांना माझ्यामुळे दिसला नाही. भेटायला येणारे लोक म्हणतात, "बरं झालं, जायच्या आधी त्यांना फिरवून आणलंस." मी हो म्हणते. सगळं सांगत बसायला वेळ लागतो आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो.

माझे वडील हिंदुराव कदम सह्याद्रीतल्या एका धरणाच्या भूकंपमापन केंद्रात तीस वर्षं निरीक्षक होते. फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे आणि सुई त्यावर रेघ ओढत असे. ती रेघ वाचणं हे त्यांचं काम. पुढे कागद गेले, पडदे आले; रेघ तीच राहिली. आमच्या पायाखालचा सगळा डोंगर हा कधीकाळचा लाव्हा, हे त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. "जन्मभर थंड झालेल्यावर चाललो," ते म्हणायचे, "एकदा गरम बघायचाय."

सावरणकाळाची कल्पनाही मला त्यांनीच समजावली होती, तेव्हा तिचा शोध नुकताच लागला होता. रिकामी होडी एका बाजूने दाबली तर झटकन सरळ होते. तिच्यात माणसं भरत गेलं तरी ती तरंगतेच, वरून काही फरक दिसत नाही. पण दाबल्यावर सरळ व्हायला तिला जरा जास्त वेळ लागतो. उलटण्याच्या बेतात आलेली होडी फार सावकाश सरळ होते. ज्वालामुखीलाही असे बारीक धक्के सतत बसत असतात. समुद्राला भरती येते, कुठेतरी दूर भूकंप होतो, जोराचा पाऊस पडतो. दर धक्क्याला डोंगर केसभर कलतो किंवा फुगतो आणि परत जागेवर येतो. हा परत येण्याचा वेळ मोजणारी शेकडो यंत्रं डोंगरांवर बसली, आणि लक्षात आलं की उद्रेकाच्या आधी तो वाढत जातो. तो म्हणजे सावरणकाळ.

पुढचं पाऊल कुणीतरी टाकणारच होतं. माणूस अंथरुणातून उठतो, शिंकतो, चार पायऱ्या चढतो, दारावरच्या घंटेने दचकतो. दर वेळी त्याची नाडी, श्वास, रक्तदाब जागचे हलतात आणि परत येतात. मनगटावरचा एक पट्टा दिवसातून हजार वेळा हे मोजू लागला. माणूस कशाने जाईल ते त्यातून कळत नाही. केव्हा, ते कळतं. दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत दोन आठवडे इकडे किंवा तिकडे.

हृदयाच्या जुन्या दुखण्यासाठी अण्णांना असा पट्टा दिला गेला. त्यांची समजूत, तो नाडी आणि पावलं मोजतो. आकडा कोणाला कळवायचा, असा अर्जात एक रकाना होता: रुग्ण की नातेवाईक. काउंटरवरच्या बाईंनी विचारण्याआधीच 'नातेवाईक'वर खूण केली. सगळेच तशी करून घेतात. अण्णांनी न वाचता सही केली. त्या वर्षी आलेला कोणताही कागद ते माझ्याकडे सरकवत आणि मी बोट ठेवीन तिथे सही करत.

"सोळा आठवडे," डॉक्टर मला एकटीला आत बोलावून म्हणाले. "त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. गोळ्या बदलल्यात म्हणा हवं तर."

मी कुसुमआत्याला फोन केला. अण्णांची ती एकच बहीण. ती रडली, मग सावरली आणि म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं वृषाली. खचेल तो. वहिनीच्या वेळी सांगितलं होतं का आपण? शेवटपर्यंत हसत होती."

आई हसत होती हे खरं. ती मनात काय करत होती, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

मी अण्णांना सांगितलं, माझी रजा शिल्लक आहे, वाया जाईल, ज्वालामुखी बघायला जाऊ.

"ऑफिसात काही बिनसलंय का तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा."

"मग ठीक. पण विमानात मला खिडकी पाहिजे."

मारेओ हे प्रशांत महासागरातलं छोटं बेट. एका रांगेत तीन ज्वालामुखी, आणि तिसऱ्याच्या पोटात लाव्ह्याचं तळं. पूर्वी तिथे दहा मैलांवरून दुर्बिणीने बघावं लागे. सावरणकाळ मोजता येऊ लागल्यापासून हेलिकॉप्टर थेट तोंडावरून फिरवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टरांच्या आकड्यातले सात आठवडे गेले होते.

सकाळी आठला हेलिकॉप्टरच्या तळावर आमची वजनं झाली. छोट्या यंत्रात कोणी कुठे बसायचं ते वजनावर ठरतं. अण्णांचा काटा चोपन्नवर थांबला.

"पोतंभर तांदूळ माझ्यापेक्षा बरा," ते म्हणाले. मग मी उतरल्यावर हळूच म्हणाले, "तुझं वजन त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. सभ्य लोक आहेत."

पायलट लेया नावाची तिशीतली मुलगी होती, त्याच बेटावरची. तिने आम्हाला कानावर लावायचे हेडफोन दिले आणि बोलायची नळी ओठांशी कशी धरायची ते दाखवलं. आवाजात एकमेकांचं ऐकायचा तोच एक मार्ग. अण्णा तिच्या शेजारी पुढे, मी मागे. एक फॉर्म होता, त्यात प्रकृतीविषयी चार प्रश्न होते. अण्णांचा मी भरला. चारही ठिकाणी 'नाही' लिहिलं.

जमीन सुटली तेव्हा अण्णांनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली. थोड्या वेळाने एक हात सोडला, मग दुसरा. खाली नारळाची झाडं, काळी वाळू, मग एकदम उभा हिरवा चढ. पहिला डोंगर शांत झालेला होता. त्याच्या तोंडात पाणी साचून गवत उगवलं होतं आणि काठावर कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

"हा माझ्यासारखा," हेडफोनमधून अण्णांचा आवाज आला. "निवृत्त."

दुसऱ्याच्या कडेने वाफ निघत होती. लेयाने हेलिकॉप्टर कलतं करून त्याला फेरी मारली. पिवळ्या गंधकाचे पट्टे दिसले, आणि दार बंद असूनही काडेपेटी ओढल्यासारखा वास आत आला. अण्णा प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. इंग्रजी अडलं की माझ्याकडे मराठीत टाकायचे, मी पुढे पोहोचवायची. लेयाला कळून चुकलं की हा साधा पर्यटक नाही. तिने समोरचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिसऱ्या डोंगराची रेघ त्यावर धावत होती आणि कोपऱ्यात त्याचा सावरणकाळ होता: चार तास.

अण्णा रेघेकडे बघत राहिले. मी मागून त्यांचा फक्त कान आणि गालाची कड बघत होते. त्यांना इतकं खूश मी आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"हा आकडा सगळ्यांना दाखवता?" त्यांनी विचारलं.

"दाखवावाच लागतो," लेया म्हणाली. "माझ्या आजीच्या काळी डोंगर फुटणार हे राजधानीत माहीत होतं, खालच्या गावात नव्हतं. लोक घाबरतील म्हणून सांगितलं नाही. आता कायदा आहे. डोंगरावर जो असेल त्याला सगळ्यात आधी सांगायचं. मंत्र्याला नंतर."

मी ते मराठीत सांगितलं.

"आमच्याकडे आम्ही खाट बाहेर काढायचो," अण्णा म्हणाले.

ती खाट मला आठवत होती. केंद्रातल्या माणसाने बाहेर काही बोलायचं नाही, असा हुकूम असे; गावात घबराट नको. अण्णा बोलत नसत. पण कागदावर बारीक धक्क्यांची गर्दी वाढली की घरी येऊन ते आमची खाट अंगणात टाकत, आणि ती बघून शेजारपाजारचे आपापल्या खाटा बाहेर काढत. कोणी कोणाला काही विचारत नसे. मला लहानपणी वाटायचं, बाहेर झोपायचा एखादा सण असतो.

तिसरा डोंगर समोर आला. नुसता काळा. झाड नाही, गवत नाही. तोंडावर धुराचा जाड खांब होता आणि त्याच्या खालच्या अंगावर तांबूस उजेड हलत होता. चूल दिसत नाही पण भिंतीवर तिचा उजेड दिसतो, तसा. अण्णा पुढे झुकले. सीटचा पट्टा छातीत रुतला तरी झुकूनच राहिले.

तेव्हा पडद्यावरचा आकडा बदलला. साडेचार, मग सव्वापाच. लेयाने हेलिकॉप्टर जागच्या जागी धरून ठेवलं. दोन मिनिटांनी तिथे सात दिसू लागला.

"नियम सांगते," ती शांतपणे म्हणाली. "सहाच्या आत असेल तर मी विचारत नाही. नऊच्या वर असेल तर मी जात नाही. मध्ये असेल तर विचारते. एक फेरी, चार मिनिटं. बहुतेक काही होणार नाही. पण होऊ शकतं. प्रत्येकाने आपापलं तोंडाने हो म्हणायचं. एकानं नाही म्हटलं तरी मी वळते. कारण विचारत नाही."

मी अण्णांना सांगितलं. सांगायची गरज नव्हती, त्यांना आकड्यावरूनच कळलं होतं.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "समोर ठेवतात. मग माणूस काय ते ठरवतो." आणि मान वळवता येईल तेवढी वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू हो म्हण, म्हणजे मीपण म्हणतो."

मला एवढंच दिसत होतं की त्यांच्या पुढ्यात एकच आकडा आहे. दुसरा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. चार मिनिटांची जोखीम घ्यायची की नाही हे ते ठरवत होते, आणि आपल्याजवळ पणाला लावायला नेमकं किती आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं, डॉक्टरांना, कुसुमआत्याला.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचाही आकडा आहे."

"काय?"

"मनगटावरचा पट्टा नाडी मोजत नाही. हेच मोजतो."

पंख्याचा आवाज सुरूच होता. लेयाला मराठी येत नव्हतं. ती आमच्या होकाराची वाट बघत होती. अण्णांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि मनगटाकडे पाहिलं.

"किती?"

"नऊ आठवडे. दोन इकडे किंवा तिकडे."

"कधीपासून माहीत आहे?"

"सात आठवडे झाले."

"आणखी कोणाला?"

"आत्याला."

"म्हणजे कुसुमला माहीत आहे," ते म्हणाले.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी मोजला नाही. समोर धूर वर जात होता, त्याच्या पोटाशी तो उजेड कमीजास्त होत होता. दोन किलोमीटरवर होतं सगळं. लेयाने पुन्हा विचारलं, "सर? हो की नाही?"

"बॅक," अण्णा म्हणाले. "प्लीज. बॅक."

तिने कारण विचारलं नाही. हेलिकॉप्टर वळलं, डोंगर खिडकीतून बाजूला गेला आणि दिसेनासा झाला.

हॉटेलवर पोहोचल्यावर ते समुद्राकडच्या व्हरांड्यात बसले. मी पाणी नेऊन ठेवलं. दुपार झाली, जेवण नको म्हणाले. चारच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "दाखव."

मी फोनवर त्यांची रेघ काढून दिली. त्यांनी चष्मा लावला. सात आठवड्यांची रेघ ते बोटाने मागे नेत, पुढे आणत वाचत राहिले. हे वाचन मी लहानपणापासून बघत आले होते. फक्त आता कागद त्यांचाच होता.

"बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "मीही एवढंच सांगितलं असतं."

"अण्णा, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला कळतंय. मी तीस वर्षं हेच काम केलं वृषाली. दुसऱ्या कोणाचा कागद असता तर मी तुला माफ केलं असतं."

मी खाली बघत होते. त्यांनी चष्मा काढला.

"मला तो बघायचा होता," ते म्हणाले. "अजून बघायचाय. पण तिथे काही झालं असतं तर बबनला सांगायचं राहून गेलं असतं."

"कोण बबन?"

"शेलार."

बबन शेलार म्हणजे आमचे जुने शेजारी, वीजमंडळातले वायरमन. मी सात वर्षांची असताना झालेल्या भूकंपात त्यांच्या घराची दगडमातीची भिंत कोसळली आणि त्यांची आई गेली. इतकं मला ठाऊक होतं. बाकीचं अण्णांनी समुद्राकडे बघत सांगितलं.

त्या दिवशी दुपारपासून कागदावर गर्दी होती. संध्याकाळी केंद्राचे साहेब अण्णांना जीपने घरापर्यंत सोडायला आले आणि चहाला थांबले. अण्णांनी खाट बाहेर काढली. बबनकाकांचं कुटुंब गावात येऊन महिनाच झाला होता, त्यांना खाटेचा अर्थ माहीत नव्हता. कुंपणावरून त्यांनी विचारलं, कदम, डिसेंबरात खाट बाहेर? साहेब शेजारी उभे होते. अण्णा म्हणाले, घरात ढेकूण झालेत, औषध मारलंय.

"साहेब गेले की जाऊन सांगणार होतो," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईनं पानं वाढली होती. म्हटलं, दोन घास खाऊ आणि जाऊ. पावणेनऊला हलली जमीन."

त्यानंतर अकरा वर्षं ते दोघं शेजारी राहिले. एकमेकांच्या मुलांच्या लग्नात वाढपी झाले. बबनकाकांच्या आईला अण्णांनी खांदा दिला होता.

पुढचे चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्या डोंगराचा आकडा आठवडाभर चढाच राहिला, उड्डाणं बंद होती. मग तो आपोआप चारवर उतरला. डोंगर फुटला नाही. त्या सकाळी आम्ही फेरी मारली असती तर काहीही झालं नसतं. हे मी घरी आल्यावर वाचलं. अण्णांनी माझ्याआधी वाचलं होतं.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही पाटणला गेलो. बबनकाका तिथे मुलाकडे असतात. घराला पुढे लांबलचक ओटा होता आणि ते एका टोकाला रेडिओची मागची बाजू उघडून बसले होते. अण्णांना त्यांनी लांबूनच ओळखलं.

"या हिंदुराव. वाळलात की हो पार. पोरगी जेवायला घालत नाय वाटतं."

"घालते," अण्णा म्हणाले. "बबन, बस. मला काही सांगायचंय."

"बसलोयच की मी."

अण्णांनी सगळं सांगितलं. कागद, साहेब, खाट, ढेकूण. आवाज चढवला नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. मी पायरीवर उभी होते. बबनकाकांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो त्यांनी सांभाळून रेडिओच्या डब्यात ठेवला.

"ढेकूण," ते म्हणाले.

अण्णांनी मान हलवली.

"मी आईला म्हटलं होतं, शेजारी ढेकूण झालेत, भिंतीतनं आपल्याकडं येतील. उद्या औषध आणतो." त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर पुसले. "दुसऱ्या दिवशी आणणार होतो मी."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"तेहतीस वर्षं झाली हिंदुराव. आपण भिंतीला भिंत लावून राहिलो. माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही पंगतीत जिलबी वाढली. मग कधीच का नाय सांगितलं?"

"वाटलं, वेळ आहे," अण्णा म्हणाले.

बबनकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. ते किती वाळलेत हे या वेळी नीट बघितलं असावं. मग ते उठून आत गेले. आतून बोलण्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. त्यांच्या सुनेने दोन कप चहा आणून ओट्यावर ठेवला आणि आमच्याकडे न बघता परत गेली.

"अण्णा, निघायचं का?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"नको."

मी गाडीत जाऊन बसले. त्या घरात कोणी आम्हाला थांबा म्हणालं नव्हतं, जा असंही म्हणालं नव्हतं. अण्णांच्या आकड्यातले तेव्हा आठ आठवडे उरले होते, आणि त्यातली ती सगळी दुपार ते पाठ टेकायला काही नसलेल्या ओट्यावर ताठ बसून राहिले. ऊन त्यांच्या पायांवरून सरकून अंगणात उतरलं. ऊन कुंपणापाशी पोहोचलं तेव्हा बबनकाका बाहेर आले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, आणि तो उघडा रेडिओ मांडीवर घेतला.